वाचकांचे प्रश्न : बोट लागू नये म्हणून

समुद्र आपल्यापासून लांब. लातूर-नांदेडकडून निघालं तर कोकणचा किनारा गाठायला अख्खी रात्र गाडीत जाते. म्हणून सहलीत बोटीचा प्रवास आला की घरातल्या निम्म्या माणसांचा तो पहिलाच असतो. सुट्ट्यांच्या तोंडावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि व्यापारी जहाजांवर काम केलेले एक अधिकारी मिळून देत आहेत. औषधांची मात्रा दिली आहे ती इतर आजार नसलेल्या प्रौढांसाठी. गरोदर महिला, लहान मुलं आणि रोजची औषधं चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

लातूरहून एक वाचक : डिसेंबरात आम्ही सातजण मालवणला चाललोय. बायकोला एसटीतसुद्धा गाडी लागते. आईचं वय ६८, बीपीची गोळी चालू आहे आणि काचबिंदूही आहे. किल्ला आणि डॉल्फिन बघायला बोटीत बसावं लागणार. गोळी कोणती आणि कधी द्यायची?

तुमच्या सहलीत बोटीपेक्षा घाट जास्त त्रास देणार आहे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतचा प्रवास थोड्या मिनिटांचा. डॉल्फिनची फेरी त्याहून मोठी, पण ती सकाळी लवकर असते आणि त्या वेळी पाणी शांत असतं. खरी परीक्षा कोल्हापूर सोडल्यावर गगनबावड्याचा करूळ घाट किंवा फोंडा घाट उतरताना होते. रात्रीची गाडी असेल तर हा घाट पहाटे लागतो. झोप मोडलेली, पोट रिकामं, बाहेर अंधार आणि एकामागून एक वळणं. त्यात ज्याला लागायची त्याला लागतेच, आणि मग ते दुखणं अंगात ठेवूनच माणूस होडीत चढतो.

म्हणून पत्नीची पहिली गोळी घाटासाठी असू द्या. प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम (दुकानात ॲव्होमिन म्हणून मागतात) रात्री झोपताना एक. तिचा असर बराच वेळ टिकतो, पहाटेचा घाट त्यात निघून जातो. झोप मात्र चांगलीच येते, त्यामुळं गाडी स्वतः चालवत असाल तर चालवणाऱ्यानं ही गोळी घ्यायची नाही.

डॉल्फिनच्या सकाळी दुसरी गोळी, आणि तिला वेळ पाळावी लागते. सिनारिझिन २५ मिलिग्रॅम घेणार असाल तर बोटीत बसण्याच्या दोन तास आधी. डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅम असेल तर अर्धा ते एक तास आधी, त्याचा असर चार ते सहा तास राहतो. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम तासभर आधी घ्यायची, ती दिवसभर पुरते. यातली कुठलीही एकच. दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेतल्यानं फायदा दुप्पट होत नाही, गुंगी तेवढी दुप्पट होते. दारू तर अजिबात नको. सिनारिझिन कंपवात असलेल्यांना चालत नाही.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेतच. मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम मंद करतं. त्यानंतर गिळलेली गोळी पोटात पडून राहते, पुढं सरकत नाही आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहून घेतलेली गोळीही उशिराचीच समजा.

आईंना यातलं काही देऊ नका. या बहुतेक गोळ्यांनी डोळ्याची बाहुली मोठी होते, तोंड सुकतं, लघवी अडखळते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटलं तरच विचार करा. वडीलधाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर हीच गोष्ट लागू आहे. शिवाय उतारवयात गुंगी म्हणजे होडीत चढता-उतरताना तोल जाण्याची भीती. किल्ल्यापुरतं आईंना गोळीशिवाय सहज नेता येईल. होडीच्या मधल्या फळीवर बसवा, तोंड पुढं, नजर किल्ल्याच्या तटावर.

पैठणहून : नाथसागरात मच्छीमारांच्या होडीतून मी कितीदा गेलोय, वाऱ्याच्या दिवशीसुद्धा. कधी काही झालं नाही. अलिबागला जाताना मात्र मांडव्याच्या बोटीत अर्ध्या तासात बेजार झालो. पाणी तेच, मग फरक कशाचा?

फरक लाटेच्या उंचीत कमी आणि तिच्या चालीत जास्त. नाथसागर मोठा असला तरी तिथली लाट वाऱ्यानं जागच्या जागी उठते. ती आखूड असते, दोन-तीन सेकंदांत एक येते आणि जाते. होडी थडथडते, अंग भिजतं, पण पोट ढवळत नाही. समुद्रात लांबून आलेली लाट असते, ती बोटीला सावकाश उचलते आणि सावकाश खाली सोडते. साधारण पाच सेकंदांना एक वर-खाली, ही चाल माणसाला सर्वांत जास्त लागते. त्याहून फार जलद किंवा फार संथ हालचाल तितका त्रास देत नाही.

कारण कानात आहे. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं कुठं वळलं हे सांगतात. शेजारी दोन पिशव्या असतात. त्यांच्यातले कॅल्शियमचे बारीक खडे वर-खाली आणि पुढं-मागं सरकणं ओळखतात. बोटीत बसून तुम्ही समोरच्या बाकाकडं किंवा मोबाईलकडं बघता तेव्हा डोळे म्हणतात, सगळं स्थिर आहे. कान म्हणतो, आपण वर जातोय, आता खाली जातोय. मेंदूला हा मेळ बसवता येत नाही आणि त्याचा राग पोटावर निघतो. दोन्ही कानांचा हा भाग जन्मतः किंवा आजारानं निकामी झालेल्या माणसांना बोट लागत नाही. दृष्टी नसलेल्यांना मात्र लागू शकते. दोषी डोळ्यांपेक्षा कान जास्त, हे यावरून कळावं.

आता मांडव्याबद्दल. घारापुरीला जाणारी लाँच मुंबई बंदराच्या आतल्या बाजूला राहते, तिथं लाट अडलेली असते. मांडव्याची बोट बंदराचं तोंड ओलांडते, तिथं पश्चिमेकडून खुल्या समुद्राची लाट आडवी येते आणि बोट या कुशीवरून त्या कुशीवर झुलते. त्यातही दुपारनंतर खारा वारा सुटला की पाणी खवळतं. मार्च ते मे हा वारा जोरात असतो. पुढच्या वेळी सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरा, परतीला संध्याकाळची वेळ टाळा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट गेटवेच्या लाँचपेक्षा बरीच मोठी आणि जड आहे, ती कमी झुलते.

अंबाजोगाईहून : मुलाला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा आणलेल्या ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या घरात उरल्यात. उलटीचीच गोळी आहे, बोटीत चालेल ना?

नाही. ओंडान्सेट्रॉन पोटाच्या संसर्गात किंवा कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलटीवर चांगली चालते, कारण ती उलटी वेगळ्या वाटेनं येते. कानातून सुरू झालेल्या उलटीवर तिचा फारसा उपयोग नाही. डोमपेरिडोनचंही तसंच. सर्दीसाठी घेतात ती सेटिरिझिनही इथं कामाची नाही. गुंगी आणणाऱ्या जुन्या जातीच्याच गोळ्या बोट लागण्यावर चालतात, कारण त्या मेंदूपर्यंत पोचतात. आणि मुलासाठी आणलेलं उरलेलं औषध मोठ्यांनी आणि मोठ्यांचं मुलांनी घ्यायची सवय एकूणच मोडलेली बरी.

परभणीहून : अंदमानला जातोय. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) हॅवलॉक, तिथून नील. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. बोटीत जागा आधी निवडता येते म्हणतात. कुठली घ्यावी?

खालचा मजला, मधल्या रांगा, शक्यतो मधल्या वाटेच्या जवळ. बोट लाटेवर पुढून-मागून वर-खाली होते तेव्हा टोकं सर्वांत जास्त हलतात आणि मधला भाग कमी. वरच्या मजल्यावर कुशीवरचं झुलणं वाढतं. दृश्य छान म्हणून वरचं, पुढचं, महागडं तिकीट काढणारे बऱ्याचदा पिशवी मागणाऱ्यांतही पुढं असतात. मध्ये जागा नसेल तर मागची घ्या, पुढची नको. मागं इंजिनाची थरथर असते, पण हालचाल पुढच्यापेक्षा कमी.

हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप. तिथं जाणाऱ्या खासगी बोटी बहुतेक दोन तळांच्या, जलद आणि बंद वातानुकूलित असतात. दोन तळांमुळं त्या एका तळाच्या बोटीइतक्या कुशीवर झुलत नाहीत, पण हिसके झटपट देतात. प्रवास दीड ते अडीच तासांचा, आणि बाहेर डेकवर उभं राहू देतीलच असं नाही. मग क्षितिज दिसणारी खिडकी मिळाली तर नजर तिकडं, नाही मिळाली तर डोकं पाठीला टेकवून डोळे मिटायचे. सरकारी फेरीला वेळ जास्त लागतो, पण उघड्या डेकवर उभं राहता येतं. ज्यांना हमखास लागते त्यांनी याचा विचार करावा. जानेवारी ते एप्रिल तिथला समुद्र तुलनेनं शांत असतो, मे महिन्यानंतर पावसाळी वारा सुरू होतो.

तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांना बोट सर्वांत जास्त लागते. दोन वर्षांखालच्यांना सहसा लागत नाही. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या आणि गोळी आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. काही मुलं या औषधानं झोपण्याऐवजी उलट चिडचिडी होतात, घरभर धावतात. हे बोटीत कळण्यापेक्षा घरी कळलेलं चांगलं. बोटीत मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका. शांत बसतील म्हणून दिलेल्या मोबाईलनंच मळमळ सुरू होते. गाणी, गोष्टी, भेंड्या, काहीही चालेल, मान खाली घालायला लागणारं काही नको.

नांदेडहून दोन पत्रं, एकाच आशयाची : आलं, लिंबू, आवळासुपारी, वर्तमानपत्रावर बसणं, मनगटाला पट्टा… यातलं खरं काय? निघताना पोट रिकामं ठेवावं की भरलेलं?

वर्तमानपत्रावर बसून काही होत नाही. बसायचं असेल तर बसा, वाचू मात्र नका.

आल्याचा थोडा उपयोग काही जणांना होतो, गोळीइतका नाही. अंदाजे एक ग्रॅम सुंठपूड म्हणजे सपाट अर्धा चहाचमचा, निघण्याआधी तासभर गुळाबरोबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारून घ्या. लिंबाचा वास आणि आंबट चघळणं तोंडाला आलेलं पाणी थोपवायला बरं पडतं, त्यापलीकडं नाही. मनगटाच्या पट्ट्याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. तो घातल्यानं नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी टाळू नये.

रिकामं पोट ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे आणि ती चूक आहे. रिकाम्या पोटी आम्ल वर येतं, आणि उलटी होताना बाहेर पडायला काही नसलं की नुसत्या उमाळ्यांनी बरगड्या दुखतात. निघण्याच्या दीड-दोन तास आधी थोडं, कोरडं, कमी तेलाचं खा. अर्धी ज्वारीची भाकरी आणि दही, साधी सुशीला मिरची कमी घालून, दोन-तीन इडल्या, किंवा बिस्किटं आणि केळं. शिदोरीतले धपाटे चालतील, त्यांच्यावरचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी किनाऱ्यावर उतरेपर्यंत डब्यातच राहू द्या. आदल्या रात्री येसराची झणझणीत आमटी किंवा तेलाचा तवंग आलेलं मटण खाऊन पहाटे बोट धरणाऱ्यांना काय सांगावं! पाणी घोट-घोट घ्या. चहा-कॉफी कमी. तंबाखू आणि गुटखा बंद, कारण निकोटीन एकट्यानंसुद्धा मळमळ आणतं. शेजाऱ्याच्या तोंडाचा वास दुसऱ्यालाही पुरतो.

उदगीरहून : गोळी घेतली नव्हती आणि मध्येच सुरू झालं तर? आमच्या बरोबरच्या बाई संडासात जाऊन बसल्या त्या उतरेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

संडास ही बोटीतली सर्वांत वाईट जागा. बंद, वास येणारी, बाहेरचं काही न दिसणारी.

सुरुवात उलटीनं होत नाही. आधी वारंवार जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो, चेहरा फिका पडतो, बोलणं नकोसं होतं. याच वेळी उठायचं. बोटीच्या मध्यावर, मोकळ्या हवेत, डिझेलचा धूर येणार नाही अशा बाजूला जा. तोंड बोट जाते त्या दिशेला, नजर लांब क्षितिजावर किंवा किनाऱ्याच्या डोंगरावर. जवळून पळणाऱ्या पाण्याकडं बघू नका. पाय थोडे फाकवून उभं राहा आणि गुडघे सैल ठेवून अंग बोटीबरोबर झुलू द्या. श्वास सावकाश, नाकानं. उभं राहणं जमत नसेल तर मध्ये उताणं पडून डोळे मिटा. रात्री क्षितिज दिसत नाही, तेव्हा पडून राहणं हाच उपाय. अर्धवट उपाय, म्हणजे बसून खाली मान घालणं, सगळ्यात वाईट.

उलटी आलीच तर दाबू नका, झाल्यावर बरं वाटतं. लहान होडीत बसल्या जागी पिशवीतच करा, काठावरून वाकू नका. वाकलेला माणूस लाटेच्या एका हिसक्यात पाण्यात जातो. मोठ्या बोटीत कठड्याशी जायचंच असेल तर वारा पाठीकडून येईल अशी बाजू धरा. समोरून वारा असला तर सगळं आपल्याच अंगावर. एका हातानं कठडा पक्का आणि दुसऱ्या कुणीतरी मागून धरलेलं. लाइफ जॅकेट उलटीसाठी काढायचं नाही. प्रत्येकाकडं दोन जाड, भोक नसलेल्या प्लास्टिक पिशव्या, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली हवी.

उलट्या तीन-चार झाल्या की लगेच पोटभर पाणी देऊ नका, ते परत येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून ओआरएसचं पाणी दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे. पुडा नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचमचा मीठ. उतरल्यावरही उलट्या थांबत नसतील, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, उलटीत रक्त असेल, किंवा छातीत दुखणं, जोरदार डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं असेल तर ती बोट लागलेली समजून घरी बसू नका.

बीडहून : वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. गोळी द्यावी का?

गोळीपेक्षा साखरेचं बघा. सकाळी इन्सुलिन घेतलं, न्याहारी केली आणि ती बोटीत उलटून गेली, तर साखर झपाट्यानं खाली येते. घाम, थरथर, गळाल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणंही बोट लागल्यासारखीच दिसतात, तिथंच फसगत होते. ग्लुकोमीटर बरोबर ठेवा, मळमळ सुरू होताच तपासा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचमचे ग्लुकोज थोड्या पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी परत तपासा. त्या दिवशीची इन्सुलिनची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

छत्रपती संभाजीनगरहून, महाविद्यालयीन गट : मालवणला स्कुबा करणार आहोत. पाण्याखाली मळमळलं तर?

पाण्याखाली फार क्वचित. त्रास होतो तो आधी, नांगरलेल्या बोटीत आपला नंबर येईपर्यंत. चालती बोट लाट कापत जाते, थांबलेली बोट लाटेच्या मर्जीवर झुलते, त्यात इंजिनाचा धूर आणि अंगाला घट्ट बसलेला सूट. शक्य असेल तर पहिल्या तुकडीत जा, सूट शेवटी चढवा, वाट बघताना किनाऱ्याकडं बघत राहा. काही मीटर खाली गेलं की हालचाल कमी होते आणि बऱ्याच जणांना हायसं वाटतं. उलटी आली तर तोंडातलं रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते) काढायचं नाही, त्यातूनच करायची, ती बाहेर निघून जाते. प्रशिक्षकाला हाताची खूण बुडण्यापूर्वीच विचारून ठेवा. गुंगीची गोळी घेऊन पाण्यात उतरू नका. घेतली असेल तर लपवू नका, त्या दिवशी डाइव्ह रद्द करणं चांगलं.

जालन्याहून एक पालक : मुलगा मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षणाला निघालाय. लहानपणापासून त्याला गाडी लागते. त्याला जमेल का?

बहुधा जमेल. जहाज सुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस कठीण जातात, मग मेंदू नव्या हालचालीची सवय करून घेतो. लांब सुट्टीनंतर परत गेलं की पुन्हा एक-दोन दिवस जातात, तेही नेहमीचंच. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन आयुष्यभर याला त्रासलेला होता. चार्ल्स डार्विननं १८३१ ते १८३६ या काळातल्या ‘बीगल’च्या सफरीत याचा सतत त्रास सोसला. थोडे लोक असे असतात ज्यांना सवय होतच नाही, हेही खरं. पण गाडी लागते एवढ्यावरून ते आधी ओळखता येत नाही.

निवड करायला वाव असेल तर एवढं बघा. इंजिन रूममध्ये क्षितिज नाही, उष्णता आणि तेलाचा वास आहे, तिथं सुरुवातीचे दिवस डेकपेक्षा जड जातात. पहिल्या दिवसांत बंकवर पडून राहण्यापेक्षा बाहेर काम करत राहणाऱ्याला सवय लवकर होते. दर दोन तासांनी कोरडी बिस्किटं किंवा टोस्ट, जेवण थोडं थोडं. गोळी घेतली तर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला सांगायचं, शिडीवर किंवा उंचावर चढायचं काम त्या वेळी नको. आणि निघण्याआधी बंदरात असतानाच गोळी सुरू करायची, जहाज झुलायला लागल्यावर नाही.

धाराशिवहून : लक्षद्वीपच्या जहाजातून परत येऊन दोन दिवस झाले. आंघोळीला डोळे मिटले की जमीन हलल्यासारखी वाटते. डोक्याचा काही आजार तर नाही?

कोचीहून लक्षद्वीपला जायला आणि यायला अख्खी रात्र जहाजात जाते, त्यामुळं तुमच्या कानानं समुद्राची सवय करून घेतली होती. आता ती उतरतेय. बहुतेकांना हे काही तास ते दोन-तीन दिवस वाटतं. डोळे मिटल्यावर वाढतं, गाडीत बसलं की कमी होतं, हे त्याचं वैशिष्ट्य. गोळीची गरज नाही, उलट गोळीनं ती सवय उतरायला वेळ लागतो. रोज अर्धा तास उघड्या मैदानावर चाला, रात्री झोप पुरी करा, आंघोळीच्या वेळी एक हात नळाच्या भिंतीला लावून ठेवा आणि दुचाकी दोन दिवस दुसऱ्याला चालवू द्या. एका महिन्यानंतरही झुलणं राहिलं, किंवा मध्येच ऐकू कमी येणं, कानात आवाज, एका बाजूला तोल जाणं सुरू झालं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.